सेनापती बदलले, हार तीच राहिली : वणी-दिंडोरी १६७० ते बालेवाडी २०१८

वणीच्या उत्तरेला सातमाळ्याची रांग आडवी पसरली आहे. सप्तशृंग, मार्कंड्या, रवळ्या-जावळ्या, अहिवंत. या डोंगरांच्या परिसरात १७ ऑक्टोबर १६७० रोजी जी लढाई झाली, तिच्याविषयी आपण इतिहासप्रेमी मंडळी दरवर्षी आवर्जून लिहितो. दरवर्षी त्याखाली एक ठरावीक वाक्य येतेच : औरंगजेबाने नालायक सरदार पाठवले, म्हणून मुघल हरले. या वाक्याविरुद्ध हा थ्रेड आहे. तो थोडा लांबणार आहे, आणि त्यात फुटबॉलही येणार आहे, कारण हेच वाक्य मी क्रीडारसिकांच्या तोंडून दर हंगामात ऐकतो. तिथे सरदाराच्या जागी 'कोच' असतो, एवढाच फरक.

इतिहासाच्या थ्रेडमध्ये फुटबॉल कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांनी थोडा धीर धरावा.

आधी १६७०. सुरतेची दुसरी लूट घेऊन महाराज बागलाणमार्गे परतत होते. बऱ्हाणपूरहून दाऊदखान कुरेशी त्यांच्या वाटेवर धाडला गेला. सोळाच्या रात्री तो चांदवडला पोहोचला, मध्यरात्रीनंतर पुढे निघाला आणि अंधारात त्याची फौज विस्कळीत झाली. आघाडीला इखलासखान मियाना होता. पहाटे मराठे दृष्टीस पडताच मागची फौज येण्याची वाट न पाहता त्याने घोडे घातले. जखमी होऊन तो घोड्यावरून खाली आला. दाऊदखान पोहोचेपर्यंत लढाईचे स्वरूप ठरून गेले होते. दिवसभर मराठ्यांनी मुघलांना गुंतवून ठेवले, तोवर सुरतेची लूट पुढे निघून गेली. भीमसेन सक्सेना या फौजेबरोबर होता, त्याने हे सारे लिहून ठेवले आहे. उघड्या मैदानात मुघल फौजेला रोखून धरणारी लढाई म्हणून वणी-दिंडोरीचे मोल फार मोठे आहे.

आता प्रश्न. हा दाऊदखान नालायक होता काय? पाच वर्षे मागे जाऊ. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंग दख्खनेत उतरले तेव्हा हाच दाऊदखान त्यांच्या हाताखाली होता. दिलेरखानही होता. त्या मोहिमेने पुरंदरचा गळा आवळला, मुरारबाजी देशपांडे धारातीर्थी पडले आणि जूनमध्ये महाराजांना २३ किल्ले देऊन तह करावा लागला. मार्चमध्ये पुण्यात आलेला सेनानी जूनमध्ये तह घडवतो, ही मुघलांची दख्खनेतली सर्वांत यशस्वी मोहीम होय. माणसे तीच, घोडे त्याच जातीचे, खजिना त्याच बादशहाचा. मग पाच वर्षांत दाऊदखान आणि दिलेरखान एकाएकी निर्बुद्ध झाले, असे मानायचे?

बदलले होते ते वेगळेच. जयसिंगाने मोहिमेवर निघतानाच आग्रह धरला होता की मुलकी आणि लष्करी अधिकार एकाच हाती असले पाहिजेत. युद्धाला दोन डोकी चालत नाहीत, हे त्याला ठाऊक होते. औरंगजेबाने ते मान्य केले, बहुधा जन्मात एकदाच. पुढे विजापूरची मोहीम फसली, त्यात जयसिंगाने पदरचा घातलेला पैसा परत मिळाला नाही, त्याला परत बोलावले गेले आणि २८ ऑगस्ट १६६७ रोजी बऱ्हाणपुरास त्याचा अंत झाला. शिस्तीत खेळणाऱ्या संघाचा प्रशिक्षक एका वाईट हंगामानंतर काढावा, तसाच हा प्रकार.

त्यानंतरचे चित्र पाहा. शाहजादा मुअज्जम सुभेदार, त्याचा सल्लागार जसवंतसिंह, आणि खरी लढाऊ फौज दिलेरखानाकडे. १६७० च्या आरंभी कोंढाणा गेला, पुरंदर गेला, एकामागून एक किल्ले मराठे परत घेत होते. अशा वेळी शाहजादा आणि दिलेरखान एकमेकांना शत्रू समजत होते. दिलेरखान शाहजाद्याच्या भेटीला जायला धजेना, आपल्याला कैद होईल या भयाने. शाहजाद्याने त्याला बंडखोर ठरवले आणि शिवाजी महाराजांना सोडून त्याचाच पाठलाग तापीपर्यंत केला. ही ऑगस्ट-सप्टेंबरची गोष्ट. ऑक्टोबरच्या तीन तारखेला महाराज सुरतेत होते. दाऊदखान वणी-दिंडोरीला आला तो या कलहातून उरलेली फौज घेऊन.

पराभवानंतर बादशहाने काय केले? नवा सेनापती नेमला. महाबतखान आला. मराठ्यांनी मधल्या काळात अहिवंत, मार्कंड्या, रवळ्या-जावळ्या घेतले होते. महाबतखान आणि दाऊदखान यांनी मिळून अहिवंताला वेढा घातला. महिनाभराने किल्ला हाती आला, पण गडकऱ्यांनी शरण जाताना दार उघडले ते दाऊदखानाच्या बाजूचे. झाले! जिंकल्याचा आनंद राहिला बाजूला. श्रेय दाऊदला मिळाले म्हणून महाबतखान संतापला. दोघांचे बिनसले ते बिनसलेच. पुढे महाबतखानाने नाशकात मुक्काम ठोकला आणि पावसाळा पारनेरला नाचगाण्यात घालवला. वणीचा माणूस म्हणून अहिवंताकडे पाहताना मला या वेढ्यापेक्षा त्या रुसव्याची आठवण जास्त होते. जिंकूनही भांडणारी छावणी हरणाऱ्या छावणीपेक्षा लवकर मोडते.

मग बादशहाने आणखी दोघे पाठवले, बहादुरखान आणि दिलेरखान. १६७२ च्या फेब्रुवारीत साल्हेरला त्यांच्या फौजेचा धुव्वा उडाला. तिथे कैद झालेल्या सरदारांत कोण होता? वणी-दिंडोरीला वाट न पाहता घोडे घालणारा इखलासखान मियाना. वर सेनापती बदलत गेले. आघाडीची चूक तशीच राहिली, तिला कोणी हातही लावला नाही.

१६६० ते १६७२ या बारा वर्षांत शायिस्ताखान, मुअज्जम, जयसिंग, पुन्हा मुअज्जम, महाबतखान, बहादुरखान. नेमणारा मात्र एकच, आणि तो कधीच बदलला नाही. 'सरदार नालायक' म्हणणारा वाचक नकळत त्या नेमणाऱ्याला सोडून देतो. शिवाय तो महाराजांच्या यशाचे मोलही कमी करतो, हे वेगळेच. दाऊदखान, दिलेरखान ही कसलेली माणसे होती. त्यांना हरवणे सोपे नव्हते.

आता बालेवाडी.

इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली तेव्हा पुण्याला एफसी पुणे सिटी हा संघ मिळाला. मालकी वाधवान समूहाची, सोबत चित्रपटतारे, मैदान बालेवाडीचे. पहिला प्रशिक्षक इटलीचा फ्रँको कोलोंबा : सहावा क्रमांक. २०१५ ला इंग्लंडचा डेव्हिड प्लॅट : आठ संघांत सातवा. २०१६ ला स्पेनचा अंतोनियो हबास : पुन्हा सहावा. २०१७-१८ ला सर्बियाचा रांको पोपोविच आला आणि संघ प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला. बंगळुरूत सुनील छेत्रीच्या तीन गोलांनी तो स्वप्नभंग झाला. कोणताही शहाणा मालक इथे थांबला असता. पोपोविच पुढच्या हंगामात नव्हता.

२०१८ चा उन्हाळा ते हिवाळा हा तर अभ्यासाचा विषय आहे. ब्राझीलचा मार्कोस पाकेता नेमला गेला आणि एकही सामना न खेळवता बोताफोगो क्लबकडे निघून गेला. मग स्पेनचा मिगेल आंगेल पोर्तुगाल. तीन सामने, एक बरोबरी, दोन पराभव, आणि हकालपट्टी. मग प्रद्युम्न रेड्डी हंगामी. मग डिसेंबरात फिल ब्राऊन, ज्याने २००८ साली हल सिटीला इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत नेले होते. सात महिन्यांत चार नावे. एकाने निवडलेले खेळाडू, दुसऱ्याने आखलेला सराव, तिसऱ्याने सावरलेले मनोधैर्य आणि चौथ्याची डावपेचांची वही. त्या संघातल्या एखाद्या बचावपटूने चूक केली तर ती नेमकी कोणाच्या शिकवणीची म्हणायची?

इथे 'कोच नालायक होता' हे वाक्य तपासून पाहण्याची सोय आहे, जी सतराव्या शतकात इतकी नेटकी सापडत नाही. हबास पुण्याला येण्यापूर्वी २०१४ साली कोलकात्यासह पहिली आयएसएल जिंकला होता. पुणे सोडल्यावर १४ मार्च २०२० रोजी तो कोलकात्यासहच पुन्हा विजेता झाला. मधल्या काळात, पुण्यात, सहावा. माणूस एकच. त्याचे डोके कोलकात्यात चालत होते आणि बालेवाडीत बंद पडत होते, असे मानणे म्हणजे दाऊदखान पाच वर्षांत मूर्ख झाला असे मानण्यासारखेच.

पुण्याचे नेमके काय बिघडले होते? पहिली गोष्ट काळाची. २०१४ ते २०१६ या हंगामांत ही लीग जेमतेम अडीच महिन्यांची असे. प्रशिक्षकाशी करार करायचा, विमानतळावर हार घालायचा, ऑक्टोबरात मैदानात उतरवायचे आणि डिसेंबरात निरोप द्यायचा. या कालावधीत संघ घडत नाही, तो फक्त जमवला जातो. दुसरी गोष्ट पैशाची. सप्टेंबर २०१८ पासून वाधवान समूहाची डीएचएफएल ही कंपनी संकटात सापडली, आणि ज्या शरद ऋतूत बालेवाडीत प्रशिक्षक बदलले जात होते त्याच ऋतूत मालकाच्या घराचा पाया खचत होता. प्रशिक्षकाची हकालपट्टी वर्तमानपत्रात येते, तिजोरीची अवस्था बऱ्याच उशिरा. ब्राऊनने नंतर संघ बऱ्यापैकी सावरला, दहांत सातवा आणला. तरी २०१९ साली क्लबच बंद झाला.

आणि आता गोष्टीचा सर्वांत बोधप्रद भाग. पुण्याची जागा हैदराबादला गेली. हैदराबाद एफसी नावाने संघ उभा राहिला, प्रशिक्षक तोच फिल ब्राऊन. बारा सामन्यांत एक विजय, जानेवारी २०२० ला गच्छंती, हंगामाअखेर तळाला. म्हणजे रोगही सोबत गेला होता. मग मानोलो मार्केझ आला आणि या मालकांनी एक विलक्षण गोष्ट केली : त्याला राहू दिले. पहिल्या हंगामात पाचवा, बाद फेरी थोडक्यात हुकली. पुण्यात असता तर तो त्या उन्हाळ्यातच विमानात बसला असता. दुसऱ्या हंगामात, २० मार्च २०२२ रोजी, फातोर्ड्याला केरळला पेनल्टींवर हरवून हैदराबाद विजेते झाले. तिसऱ्या हंगामात गुणतक्त्यात दुसरे. मार्केझ गेल्यावर पगार थकले, खेळाडू निघून गेले आणि २०२३-२४ मध्ये त्याच क्लबने २२ सामन्यांत एकच जिंकला.

तेव्हा 'प्रशिक्षक टिकवा म्हणजे सारे ठीक' एवढ्यावर माझे म्हणणे संपत नाही. माझ्याच बाजूच्या मित्रांना हे सांगणे भाग आहे. बहादुरखान १६७२ पासून १६७७ पर्यंत टिकला, पेडगावला छावणी थाटून बसला, आणि त्याने काय साधले? 'वेड पांघरून पेडगावला जाणे' ही म्हण मराठीला मिळाली ती या पेडगावच्या नावाने. उलट बाजूही पाहा. महाराजांनीही सरनौबत बदलला होता. नेताजी पालकरांच्या जागी प्रतापराव गुजर आले. पुढे नेसरीच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव पडले आणि हंबीरराव मोहिते आले. साडेतीन महिन्यांनी रायगडावर राज्याभिषेक झाला. फौज मोडली नाही. का मोडली नाही? कारण तिथे पगार रोख मिळत होता, हुकूम एकाच ठिकाणाहून येत होता आणि लुटीचा हिशेब सरकारात जमा होत होता. ज्या घराची घडी बसलेली असते, तिथे माणूस बदलला तरी घडी मोडत नाही. जिथे ती बसलेलीच नाही, तिथे माणूस बदलणे हा घडी बसवल्याचा देखावा असतो.

याचा आपल्या घरचा पुरावा मुंबईत आहे. २००७ साली स्थापन झालेला मुंबई एफसी हा आय-लीगमधला संघ, एस्सेल समूहाचा, कूपरेजवर खेळणारा. २००९ ते २०१६ अशी सात वर्षे त्याचा प्रशिक्षक एकच होता, खालिद जमील. या सात वर्षांत संघाने अजिंक्यपद जिंकले नाही, हे खरे. पण तुटपुंज्या बळावर तो दरवर्षी पहिल्या श्रेणीत टिकला. टिकण्याचा कंटाळा येतो, मालकांनाही आणि प्रेक्षकांनाही. २०१६ ला जमील गेले. पुढच्या हंगामात संतोष कश्यप आले, पराभवांची रांग लागली, मध्येच त्यांना काढून ऑस्कर ब्रुझोन यांना आणले, आणि संघ तळाला जाऊन खालच्या श्रेणीत घसरला. त्यानंतर क्लबच बंद झाला.

त्या हंगामात खालिद जमील कुठे होते? मिझोरममध्ये, ऐजॉल एफसीकडे. आदल्या वर्षी घसरण झालेला आणि गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे पुन्हा लीगमध्ये घेतला गेलेला हा संघ. मुंबईतून जयेश राणे आणि आशुतोष मेहता त्यांच्याबरोबर गेले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला १-१ अशी बरोबरी साधून ऐजॉलने आय-लीग जिंकली, मोहन बागानपेक्षा एका गुणाने. एकाच गुणतक्त्यात सर्वांत वर जमीलांचा नवा संघ आणि सर्वांत खाली जमीलांचा जुना. मी हा तक्ता अजून जपून ठेवला आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला असा नियंत्रित प्रयोग क्वचितच हाती लागतो.

गोव्याचेही सांगायला हवे. २०२० च्या आरंभी एफसी गोवा गुणतक्त्यात अव्वल असताना त्यांनी साखळीचे तीन सामने उरलेले असताना सर्जिओ लोबेरा यांना काढले. क्लिफर्ड मिरांडा यांनी उरलेले सामने निभावले आणि लीग शील्ड गोव्याला मिळाली, म्हणजे निर्णय खपून गेला. लोबेरा मुंबई सिटीत आले, जाहू, फॉल, बूमूस आणि आपला मंदार राव देसाई यांच्यासह. २०२०-२१ मध्ये मुंबईने शील्डही घेतली आणि चषकही, आणि वाटेत उपांत्य फेरीत पेनल्टींवर कोणाला हरवले? एफसी गोव्याला. यावर 'पाहा, बदल केला की यश मिळते, मुंबईने बदललाच ना प्रशिक्षक' असे कोणी म्हणेल. खरे आहे. मुंबईने बदलला तो सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ साली मालकी घेतल्यावर, खेळण्याची पद्धत आधी ठरवून आणि त्या पद्धतीचा माणूस व त्याचे खेळाडू एकत्र आणून. जयसिंगाला बादशहाने १६६५ ला जे दिले तेच. याच मुंबई सिटीने २०१५ साली निकोला अनेल्का या खेळाडूलाच प्रशिक्षकही करून पाहिले होते. त्याचे काय झाले, ते गुणतक्ता सांगतो : आठांत सहावे.

इतिहासाची आवड असलेल्या तरुणांना माझे म्हणणे इतकेच की फौजेचा पराभव वाचताना सेनापतीच्या नावाशी थांबू नका. त्याला हुकूम कोण देत होते, किती जण देत होते, पगार कधी मिळत होता, आधीचा का गेला आणि जाताना कोणाला सोबत घेऊन गेला, हे शोधा. भीमसेनाचे लेखन त्यासाठी वाचा. तो मुघलांच्या छावणीत राहून मुघलांचीच धुसफूस लिहितो, आणि ती कोणत्याही क्रीडावार्ताहराच्या बातमीपेक्षा उघडी आहे.

जाता जाता. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाचे प्रशिक्षकपद खालिद जमील यांच्याकडे आले. त्यांनी ज्यांची जागा घेतली ते होते मानोलो मार्केझ, हैदराबादला विजेते करणारे, आणि भारतासह एफसी गोवाही एकाच वेळी सांभाळायला लावलेले. आठ सामन्यांत एक विजय. जमील आले तेव्हा देशाची मुख्य लीगच ठप्प होती. महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातला करार अडकला होता आणि हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही. कित्येक खेळाडूंच्या पायांना स्पर्धेचे सामनेच नव्हते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावात छांगतेच्या गोलने आघाडी घेऊनही भारत सिंगापूरकडून १-२ असा हरला आणि आशिया चषकाची वाट बंद झाली.

वणीत त्या रात्री आम्ही सात-आठ जण एकाच फोनवर सामना पाहत होतो. शिट्टी वाजून दोन मिनिटे झाली नसतील, आमच्या गटात पहिला संदेश आला : "आता याला काढा." तीन दिवसांनी वणी-दिंडोरीच्या लढाईचा दिवस होता, आणि संदेश पाठवणाऱ्यानेच त्यावर लिहायला घेतले होते. त्याच्या मसुद्याची पहिली ओळ औरंगजेबाच्या नालायक सरदारांविषयी होती.